इंटरनेट फोनवर देखरेखीचे सॉफ्टवेअर बसवण्याआधी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टेबलावरचे फोन इंटरनेटवर चालतात आणि ‘बोलताना आवाज तुटतो, काहीतरी बघा’ अशी तक्रार आहे, अशा बडोद्यातल्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे.

सॉफ्टवेअर बसवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो ते कुठे बसवायचे हे ठरवण्यात, आणि त्यासाठी लागणारी निम्मी माहिती फक्त तुमच्याकडे असते. म्हणून आमचा माणूस येण्याआधी हे वाचून ठेवा. इंटरनेटवाल्याने ‘आमच्या बाजूने सगळे ठीक आहे’ असे सांगितले असेल, तर ते खोटे असेलच असे नाही. त्याला त्याचीच बाजू दिसते.

आवाज कोणत्या वाटेने जातो

फोन लावला की दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात. आधी ‘सिप’चे निरोप जातात : अमुक एक्स्टेंशनला अमुक नंबर हवा आहे, रिंग वाजते आहे, उचलला, ठेवला. हे निरोप बहुधा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून (म्हणजे नेटवर्कमधल्या क्रमांकित दारातून) जातात, एन्क्रिप्शन असेल तर ५०६१ वरून. फोन उचलल्यावरचे प्रत्यक्ष बोलणे मात्र ‘आरटीपी’च्या पॅकेटांतून, म्हणजे आवाजाच्या लहान लहान तुकड्यांतून, जाते आणि त्यांची वाट निराळी असू शकते. आवाज आकड्यांत बदलण्याच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत एका पॅकेटमध्ये २० मिलिसेकंदांचा आवाज असतो, म्हणजे सेकंदाला प्रत्येक दिशेने ५० पॅकेटे. रिंग वाजते, फोन उचलला जातो, पण एकालाच ऐकू येते, ही तक्रार यातूनच निघते. निरोप पोचले, एका दिशेची पॅकेटे अडली. राउटरमधली ‘सिप एएलजी’ नावाची सोय हा उद्योग पुष्कळदा करते. ती मदतीसाठी दिलेली असते, पण आमचा सल्ला ती बंद ठेवण्याचाच आहे.

आता देखरेखीच्या यंत्राकडे, म्हणजे हे सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर बसते त्याकडे, येऊ. समोरून जे पॅकेट जाईल तेवढेच ते मोजते. वाघोडिया चौकडीवर उभ्या असलेल्या माणसाला पादऱ्याकडे किती गाड्या गेल्या हे विचारून उपयोग नाही.

तुमचे पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचे स्वतःचे टेलिफोन एक्स्चेंज, ऑफिसातच असेल, तर बाहेरचे कॉल त्यातून जातात आणि तिथे यंत्र लावले की दिसतात. पण दोन एक्स्टेंशनमधले आपसातले बोलणे अनेकदा पीबीएक्सला वळसा घालून थेट एका फोनवरून दुसऱ्यावर जाते. ‘गोडाउनमधून वरच्या मजल्यावर बोलताना खरखर येते’ अशी तक्रार असेल, तर पीबीएक्सपाशी बसून ती सापडणार नाही. पीबीएक्स क्लाउडवर असेल तर प्रत्येक फोनचा आवाज राउटरमधून बाहेर पडतो, तेव्हा राउटरच्या आतल्या बाजूला बसावे लागते. घरून मोबाइल ॲपवर बोलणाऱ्यांचे कॉल क्लाउडवरच्या पीबीएक्सला गेले तर ऑफिसातून जातच नाहीत. मकरपुरा जीआयडीसीत कारखाना आणि अलकापुरीत ऑफिस असेल तर दोन्हीकडे एकेक यंत्र लागते. एका टोकाला निघालेली पॅकेटे दुसऱ्या टोकाला किती पोचली, हे दोन्हीकडून मोजल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरत नाही.

म्हणून पहिली मागणी एका कागदाची. इंटरनेटची तार कुठून आत येते, राउटर कुठे, स्विच (एका तारेचे अनेक फोन-कॉम्प्युटरांसाठी फाटे करणारे डबडे) किती, कोणता फोन कोणत्या स्विचवर, एवढे हाताने काढून ठेवा. सुबक नकाशा नको. मात्र टेबलाखाली धूळ खात पडलेला, कोणी तरी ‘तात्पुरता’ लावलेला आठ पोर्टचा, म्हणजे आठ तारा लागणारा, स्विच त्यात विसरू नका. आमच्या अनुभवात खोड तिथेच निघण्याचा संभव सगळ्यात जास्त.

स्विच बघून घ्या

दुसऱ्यांची पॅकेटे यंत्राला दिसावीत यासाठी स्विचवर ‘पोर्ट मिररिंग’ लागते, म्हणजे एका पोर्टवरून जे जाते त्याची प्रत दुसऱ्या पोर्टवर टाकणे. साध्या स्विचमध्ये ही सोय नसते, मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचमध्ये बहुतेक असते. स्विचच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा, नवा घ्यावा लागेल की नाही ते आम्ही आधीच सांगू. सॉफ्टवेअरला पैसे पडतीलच असे नाही. होमर, झॅबिक्स ही ओपन सोर्स आहेत आणि लहान ऑफिसला पुरून उरतात. स्विचवर मात्र कंजुषी करू नये.

सॉफ्टवेअरसाठी जुना पण धड असलेला कॉम्प्युटर चालतो. त्यात दोन नेटवर्क कार्डे हवीत : एक मिररिंगचे ऐकायला, दुसरे तुम्हाला स्क्रीन बघायला. अकाउंट्सच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा आभासी कॉम्प्युटर) करून बसवा, असे काहीजण सुचवतात. होते तसेही, पण सर्व्हरवर भार आला की व्हर्च्युअल मशीनचे घड्याळ डळमळते आणि नसलेला दोष आकड्यांत दिसू लागतो. आम्ही ते टाळतो.

कोणते आकडे बघणार

तीन. पॅकेटे किती गळाली, ती किती अनियमित अंतराने आली, आणि इकडचे बोललेले तिकडे किती उशिरा पोचले. गळती १ टक्क्याच्या आत आणि अनियमितपणा, म्हणजे जिटर, ३० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आम्ही धरतो. उशिराबाबत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस आहे : एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत बहुतेकांना काही जाणवत नाही, ४०० च्या वर जाऊ नये. सॉफ्टवेअर यातून आवाजाच्या दर्जाचा १ ते ५ मधला ‘मॉस’ गुणही काढते. जी.७११ वर तो जास्तीत जास्त ४.४ च्या आसपास जातो, तेव्हा ५ का नाही म्हणून भांडू नका.

‘प्लॅन १०० चा २०० एमबीपीएस केला तरी आवाज तुटतोच’ हे आम्ही फार ऐकतो. जी.७११ चा एक कॉल सगळी वेष्टणे धरून प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस घेतो. दहा जण एकदम बोलले तरी १ एमबीपीएसच्या आतच. तेव्हा लाइनची रुंदी बहुधा पुरेशी असते, त्रास रांगेचा असतो. सीसीटीव्हीचे फुटेज किंवा टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढत असताना आवाजाची पॅकेटे त्याच्या मागे ताटकळतात. त्यांना पुढे सोडण्यासाठी ‘डीएससीपी ४६’ हा शिक्का असतो. तुमचे फोन तो मारतात का, आणि तुमचा राउटर त्याला मान देतो का, हे आम्ही तपासू. बॅकअप किती वाजता चालतो ते विचारून ठेवा.

आधीची नोंद, आणि बडोद्याचे हवामान

काहीही दुरुस्त करण्याआधी निदान एक आठवडा नुसते मोजायचे. आधीचे आकडे नसतील तर नंतर सुधारणा झाली की नाही हे कसे कळणार? हा आठवडा नेहमीच्या कामाचा असावा. उत्तरायणाचा नको. १४-१५ जानेवारीला अर्धे ऑफिस गच्चीवर असते, आणि छपरांवरून ओढलेल्या तारांमध्ये मांजा अडकतो तो वेगळाच.

विजेचे : राउटर, फायबरचे डबडे, स्विच आणि देखरेखीचे यंत्र एकाच यूपीएसवर हवे. आपल्याकडे पीबीएक्सला यूपीएस असतो आणि स्विचला विसरतात. यंत्रच बंद पडले तर नेमकी बिघाडाच्या वेळची नोंद मिळत नाही. आणि रॅक तळमजल्यावर असेल तर जमिनीपासून उंच घ्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री कुठवर आली होती, ते सयाजीगंज-फतेगंजच्या मंडळींना सांगायला नको.

घड्याळे

पीबीएक्स १० वाजून ५ मिनिटे म्हणते, राउटर ९ वाजून ५८, आणि तुमच्या वहीत तक्रार सव्वादहाची. अशाने नोंदी जुळत नाहीत. सगळी यंत्रे एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या सोयीने, एकाच वेळेला बांधून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही हेच आहे, आणि लॉग, म्हणजे यंत्रांच्या नोंदी, १८० दिवस भारतात जपून ठेवायचेही. कारखानदारांनी आपल्या सीएंना किंवा वकिलांना यातले आपल्याला काय लागू होते ते विचारून घ्यावे.

बोलणे ऐकायचे की नाही

ही सॉफ्टवेअरे मनात आणले तर पूर्ण संभाषण साठवू शकतात. मिनिटाला साधारण सव्वा एमबी, म्हणजे डिस्कची अडचण नाही, अडचण भरवशाची आहे. दवाखान्यात पेशंट बोलतो, पतपेढीत खातेदार. आम्ही स्वतःहून फक्त पॅकेटांच्या वरच्या नोंदी ठेवतो, आतला आवाज नाही. गळती आणि जिटर त्यावरूनही पुरते कळतात. आवाज एन्क्रिप्ट केलेला असला तरी हे मोजमाप चालते. कोणाला आवाज साठवायचाच असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ डोळ्यांसमोर ठेवून कर्मचाऱ्यांना आणि फोन करणाऱ्यांना आधी सांगा, आणि तसे आम्हाला लेखी द्या. तोंडी सांगितलेले आम्ही धरत नाही, मग ते साक्षात मालकांनी सांगितलेले का असेना.

सूचना मोबाइलवर येऊ शकतात, पण प्रत्येक खुट्ट झाल्यावर मेसेज आला की चार दिवसांत कोणी बघत नाही. आम्ही सुरुवातीला दोनच लावतो : बाहेरची लाइन, म्हणजे सिप ट्रंक, तुटली तर, आणि ऑफिस बंद असताना परदेशात कॉल जाऊ लागले तर. दुसरी जास्त महत्त्वाची. इंटरनेटवर उघडी पडलेली पीबीएक्स शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. १०१ एक्स्टेंशनचा पासवर्ड १०१ च ठेवला असेल तर पाहुणे आत शिरतात आणि बिल तुमच्या नावाने फाटते.

आम्ही येऊ त्या दिवशी

राउटर, स्विच आणि पीबीएक्सचे ॲडमिन पासवर्ड हाताशी हवेत. वायरिंग करून गेलेल्या माणसाकडेच ते असतील तर त्याला आजच फोन करा. याच कारणाने आम्हाला हात हलवत परत जावे लागते. एसएनएमपी, म्हणजे राउटर-स्विचची माहिती दुरून वाचण्याची सोय, चालू असेल तर पासवर्डसारखा वापरला जाणारा तिचा ‘पब्लिक’ हा शब्द बदलायचा आहे, शक्यतो तिची तिसरी आवृत्ती लावू. मिररिंग चालू करताना फोन बंद पडू नयेत, तरी ओपीडीच्या किंवा डिस्पॅचच्या गर्दीची वेळ देऊ नका. दुपारी दोन ते चार बरे. रॅकच्या खोलीची किल्ली असलेली व्यक्ती काम संपेपर्यंत जागेवर असावी. काम झाल्यावर आम्हाला दिलेले सगळे पासवर्ड आमच्यासमोरच बदलून घ्या.