कॅसाब्लांका–अल्जियर्स हवाई अंतर

मोरोक्कोचे सर्वांत मोठे शहर कॅसाब्लांका आणि अल्जीरियाची राजधानी अल्जियर्स यांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,०५० किमी. ही रेषा फेस, उज्दा आणि ओरान या शहरांच्या आसपासून जाते. जेट विमानाला एवढ्या पल्ल्यासाठी पावणेदोन ते दोन तास पुरे होतात. या अक्षांशांत वरच्या हवेतील वारे बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्याने पूर्वेकडे, म्हणजे अल्जियर्सकडे जाताना वेळ थोडा कमी लागावा. हा सारा हिशेब आज मात्र कागदावरच आहे.

अल्जीरियाने २४ ऑगस्ट २०२१ रोजी मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले आणि २२ सप्टेंबरला मोरोक्कोच्या नागरी व लष्करी विमानांना आपले आकाश बंद केले. मोरोक्को ज्यावर हक्क सांगतो आणि जिथल्या स्वातंत्र्यवाद्यांना अल्जीरियाचा पाठिंबा आहे, त्या पश्चिम सहारा प्रदेशावरून चाललेला दीर्घ वाद या वैराच्या मुळाशी आहे. परिणामी थेट विमान नाही. प्रवाशाला तिसऱ्या देशातून वळसा घ्यावा लागतो. बार्सिलोनामार्गे हे अंतर सुमारे १,७५० किमी होते, ट्युनिसमार्गे २,३०० च्या आसपास, आणि पॅरिसमार्गे गेल्यास ३,२०० किमीहून जास्त, म्हणजे मूळ अंतराच्या तिप्पट. त्यात पुढच्या विमानाची वाट पाहणे आले. दोन तासांच्या प्रवासात अर्धा दिवस सहज जातो, कधी रात्रही मोडते. मोरोक्कोच्या विमानांना ट्युनिस किंवा कैरोला जातानाही अल्जीरिया टाळून भूमध्य समुद्रावरून जावे लागते.

जमिनीवरून जावे तर रस्ता साधारण १,२०० किमीचा. पण मोरोक्कोतील उज्दाजवळची सीमा १९९४ पासून बंद आहे. त्या वर्षी माराकेशमधील एका हॉटेलवर हल्ला झाला, मोरोक्कोने अल्जीरियनांवर व्हिसाची सक्ती केली आणि उत्तरादाखल अल्जीरियाने सीमाच बंद केली. व्हिसाची अट पुढे दोन्ही बाजूंनी उठली, पण अल्जीरियाने ती २०२४ मध्ये पुन्हा घातली. सीमा मात्र उघडलीच नाही.

नावांचा योगायोग मोठा गमतीचा. कॅसाब्लांकाचे अरबी नाव ‘अद-दार अल-बैदा’, म्हणजे पांढरे घर. अल्जियर्सचा हुआरी बूमेदिएन विमानतळ ज्या उपनगरात आहे, त्याचेही नाव दार अल-बैदाच. फ्रेंच राजवटीत त्याला त्याच अर्थाचे ‘मेझाँ ब्लाँश’ म्हणत. कॅसाब्लांकाचा मुहम्मद पाचवा विमानतळ शहरापासून सुमारे ३० किमीवर नुआसर येथे आहे. मोरोक्कोने २०१८ मध्ये एक तास पुढची वेळ कायम केल्यापासून दोन्हीकडची घड्याळे जुळतात. रमजानमध्ये तेवढे मोरोक्कोचे घड्याळ तासभर मागे येते.

बंद आकाशाची झळ खेळालाही लागली. २०२३ च्या आरंभी अल्जीरियात आफ्रिकन नेशन्स चॅम्पियनशिप ही फुटबॉल स्पर्धा भरली. गतविजेत्या मोरोक्कोने आपल्याच राष्ट्रीय विमानकंपनीने रबातहून थेट कॉन्स्टंटाइनला उतरण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, आणि संघ स्पर्धेला गेलाच नाही.