सीडी४ चांगला आहे, तरी व्हायरल लोड का बघायचा?

“सीडी४ सहाशेच्या वर आहे, आता व्हायरल लोड कशाला?” एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्यांबाबतचा हा प्रश्न नागपुरात मी इतक्यांदा ऐकलाय की एकदाचं सविस्तर लिहूनच टाकतो. पेशंट विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि वाईट याचं वाटतं की एखादे डॉक्टरही विचारतात. दोन्ही आकडे रक्ताचेच, म्हणून एकावर दुसऱ्याचं भागतं असं लोक धरून चालतात. भागत नाही.

सीडी४ बहुतेकांना माहीत आहे. रोगांशी लढणाऱ्या पेशी, निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५००. एचआयव्ही नेमका यांनाच मारतो. औषध नसेल तर सरासरी आठ-दहा वर्षांत त्या २०० च्या खाली जातात, किंवा मेंदूत बुरशीचा संसर्ग, फुफ्फुसाबाहेर पसरलेला टीबी असे आजार गाठतात. त्या टप्प्याला एड्स म्हणायचं. नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे एड्स नव्हे, हे अजून सांगावं लागतं याचा मला संताप येतो.

व्हायरल लोड म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत तो आकडा.

सीडी४ चं वेड आलं कुठून, तेही सांगतो. सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा गंभीर आजार नसेल तर सीडी४ २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. पुढे ही मर्यादा वर सरकत गेली आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असो, पॉझिटिव्ह आला की गोळ्या सुरू. नियम बदलला, लोकांच्या डोक्यातला आकडा तोच राहिला.

खरी गफलत होते ती इथे. सीडी४ सांगतो वाळवीने किती लाकूड खाल्लं. वाळवी जिवंत आहे का, हे व्हायरल लोड सांगतो. गोळ्या चुकू लागल्या की आधी विषाणू वाढतो. सीडी४ घसरलेला दिसायला पुढे कित्येक महिने जातात.

समजा एकाचा सीडी४ ६४० आणि लोड १८,००० आहे. घरचे खूश. पण खरा धोका यालाच आहे, कारण अर्धवट पोटात जाणाऱ्या औषधात विषाणू त्या औषधाला दाद न द्यायला शिकतो. दुसऱ्याचा सीडी४ १७०, लोड ‘सापडला नाही’. घरात रडारड, औषध लागू पडत नाही म्हणून बदलून मागणं. अहो, औषध उत्तम लागू पडलंय! पेशी भरून यायला वर्षं लागतात, निदान उशिरा झालं असेल तर काहींच्या पूर्ण भरतही नाहीत. तोवर डॉक्टरांनी बाकीचे संसर्ग टाळायला दिलेली कोट्रायमोक्साझोलची गोळी सोडायची नाही आणि ताप, खोकला, डोकेदुखी अंगावर काढायची नाही.

शिवाय सीडी४ सर्दी-तापाने हलतो, सकाळ-संध्याकाळीही बदलतो. ६४० चा ५५० झाला म्हणून झोप उडवून घेऊ नका.

लोडची तपासणी गोळ्या सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि मग वर्षातून एकदा. तो १,००० च्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. समुपदेशक बसून बोलतात, तीन महिने नेमाने गोळ्या घ्यायच्या, मग पुन्हा तपासणी. तिथे खरं बोला. लग्नसराईत पाहुण्यांनी भरलेल्या घरात डबी काढायची चोरी झाली, असं बरेचदा असतं. आणखी एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही: टीएलडीच्या (एचआयव्हीवरच्या तीन औषधांच्या एकत्रित) गोळीसोबतच घेतलेलं पित्ताचं अँटासिड औषध. त्याने टीएलडीतलं डोल्युटेग्राविर हे औषध नीट अंगी लागत नाही. अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी घ्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

‘सापडला नाही’ म्हणजे निगेटिव्ह नव्हे. हा निकाल टिकून राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण विषाणू काही पेशींत दडून असतो आणि गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच परत वर येतो.

गोळ्या सुरू होताना सीडी४ हवाच, त्यावर बाकीच्या काही संसर्गांची तपासणी ठरते. पण गोळ्या सुरळीत चालू असलेल्याला खासगीत एकाच तपासणीचे पैसे परवडत असतील, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: व्हायरल लोड.