नवजात-भावंड छायाचित्रण

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे त्याच्या लहानग्या भावंडासह छायाचित्र काढण्याची पद्धती. येथे ती मुख्यतः कोल्हापूर व परिसराच्या संदर्भात विचारात घेतली आहे.

उगमाबाबत मतभेद संभवतात. एक धागा एकोणिसाव्या शतकातील युरोप-अमेरिकेतील स्टुडिओंपर्यंत जातो. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांच्या ओल्या कलोडियन प्रक्रियेत (१८५१) रसायन लावलेली काच छायाचित्रासाठी काही सेकंद उजेडाला उघडी ठेवावी लागे. तेवढा वेळ बाळ हलू नये म्हणून आई कापडाखाली लपून त्याला धरून बसे. दुसरा धागा स्थानिक आहे. कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगविले. पुढे १९१७ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी व १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात उभी राहिली. रंगीत पडद्यापुढे कुटुंबाला बसविण्याची स्टुडिओंची रीत या नेपथ्यपरंपरेला जवळची वाटते. तथापि टोपलीत किंवा दुपट्यात निजलेल्या बाळाची आजची मांडणी त्या पडद्यांपेक्षा १९९० च्या दशकात अॅन गेडिस यांच्या छायाचित्रांनी जगभर रूढ केलेल्या शैलीला अधिक ऋणी दिसते.

छायाचित्रकारांच्या दृष्टीने जन्मानंतरचे पाच ते चौदा दिवस सोयीचे. बाळ गाढ झोपते व गर्भातल्यासारखे अंग मुडपून घेते. नेमके हेच दिवस सुवेराचे आणि बाराव्या दिवशीच्या बारशाचे. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही असा दंडक पाळणाऱ्या घरांत म्हणूनच दोनच वाटा उरतात : छायाचित्रकाराने माहेरी यावे, नाहीतर सव्वा महिना उलटू द्यावा. महिन्यानंतर बाळ हातपाय ताणू लागते आणि मुडपलेली मांडणी साधत नाही. अशा वेळी दोघांना वाकळीवर शेजारी निजवून वरून छायाचित्र घेणे श्रेयस्कर.

भावंड दीड-दोन वर्षांचे असल्यास त्याच्या मांडीवर बाळाचा भार देत नाहीत. मोठ्या माणसाचा हात बाळाच्या मानेखाली राहतो. तिपाईवर कॅमेरा न हलविता, हाताची जागा बदलून दोन छायाचित्रे घेऊन ती जोडली, की हात दिसेनासा होतो. दोन चेहरे कॅमेऱ्यापासून कमीजास्त अंतरावर असल्याने भिंगाचे छिद्र एफ/१.८ इतके मोठे ठेवले तर एक चेहरा पुसट येतो. एफ/४ ते एफ/५.६ योग्य (आकडा मोठा तसे छिद्र लहान). थोरले क्षणभरही स्वस्थ बसत नसल्याने शटरचा वेग सेकंदाच्या १/२०० पेक्षा कमी नसावा. खिडकीचा उजेड बाळाच्या डोक्याकडून पायांकडे उतरावा. उलट पडल्यास नाकपुड्या व हनुवटी खालून उजळून चेहरा विद्रूप दिसतो. भावंडाची छायाचित्रे आधी उरकतात, कारण त्याचा उत्साह पाच-दहा मिनिटांचा. त्याला सर्दी-खोकला असल्यास बेत पुढे ढकलणे इष्ट.

वेशात झबले, टोपडे, कुंची चालते. थोरल्याला फेटा बांधण्याची हौस कोल्हापुरात वेगळी सांगायला नको. पूर्ण दिवसांच्या बाळांतही तिसऱ्या ते पाचव्या दिवशी काविळीची पिवळी झाक ठळक असू शकते. ती छायाचित्रात रंगदुरुस्तीने घालवितात. गालावरची काजळाची तीट मात्र डाग समजून पुसली जाऊ नये, हे आधी सांगावे लागते.