नव्या आवृत्तीची आस आणि जुन्या पुस्तकांची काळजी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून गोष्ट रंगवायच्या खेळाच्या पुढच्या आवृत्तीत काय हवं, असं पुण्यातल्या कुठल्याही खेळणाऱ्या ग्रुपला विचारा. नवे राक्षस, नवी जादू वगैरे नंतर. आधी हमखास येतो तो प्रश्न, ‘मग घेतलेल्या पुस्तकांचं काय?’ यात काटकसर आहेच. मूळ पुस्तकं तीन, प्रत्येकाची छापील किंमत 50 डॉलरच्या आसपास, त्यामुळे एकच संच चार घरं फिरतो. पण या काळजीला पन्नास वर्षांचा इतिहासही आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली हा खेळ आणला, तेव्हा डब्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. एकाने डीएम (डंजन मास्टर) होऊन गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि जिथे अडेल तिथे फासा टाकायचा. नियम इतके अपुरे होते की प्रत्येक टेबलाने आपापले लावून घेतले. 1977 ते 1979 दरम्यान आलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या जाड पुस्तकांचा एक हेतू हा गोंधळ आवरण्याचा होता. तेव्हापासून क्रम ठरला: आधीच्या आवृत्तीबद्दलची कुरकुर हाच पुढच्या आवृत्तीचा पाया.

त्या कुरकुरीचा नमुना म्हणजे 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतला ‘थॅको’. प्रत्येक पात्राचा हा एक आकडा; त्यातून समोरच्याच्या चिलखताचा आकडा वजा केला की वार लागायला फाशावर किती हवेत ते कळायचं. चिलखत जितकं भक्कम तितका त्याचा आकडा कमी, प्रसंगी शून्याच्याही खाली. तुमचा थॅको 17 आणि समोरच्याचं चिलखत 4, तर वीस बाजूंच्या फाशावर 13 किंवा जास्त हवेत. चिलखत उणे 2 असेल तर 19. गणित शाळेतलंच, पण रात्री अकराला पाच जण ओरडत असताना उणेचं अधिक करताना भलेभले अडखळतात. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीने हे उलटं केलं: फासा टाका, बोनस मिळवा, समोरच्याचा आकडा गाठला की वार लागला. ही पद्धत आजही तशीच आहे.

मधल्या काळात मूळ कंपनी टीएसआर कर्जात बुडाली होती आणि 1997 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. तिसऱ्या आवृत्तीसोबत विझर्ड्सने जे केलं, ते माझ्या मते कुठल्याही नियमापेक्षा मोठं होतं. ‘ओपन गेम लायसन्स’ या परवान्याखाली खेळाचा सांगाडा, म्हणजे पायाभूत नियम, सर्वांना खुला केला. त्यावर कोणीही साहसकथा लिहाव्यात, छापाव्यात, विकाव्यात. बघता बघता त्यावर एक धंदाच उभा राहिला.

2008 ची चौथी आवृत्ती आली आणि माशी शिंकली. खेळ म्हणून ती वाईट नव्हती. लढाया चौकटींवर नीट आखलेल्या, डीएमची तयारी सोपी. तिच्या वाट्याला जरा जास्तच शिव्या आल्या. पण परवाना आवळला गेला आणि जुन्या पुस्तकांतली पात्रं नव्यात बसेनात. 2009 च्या एप्रिलमध्ये कंपनीने पीडीएफची विक्रीही बंद केली. त्याच वर्षी पायझो या दुसऱ्या कंपनीने जुन्याच सांगाड्यावर ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढला आणि नाराज गिऱ्हाईक तिकडे वळलं. प्रतिस्पर्धी उभा राहिला तो विझर्ड्सनेच खुल्या केलेल्या नियमांवर!

हा धडा घेऊन 2014 च्या पाचव्या आवृत्तीआधी कंपनीने दोन वर्षं मसुदे खेळाडूंकडून तपासून घेतले. नियम हलके झाले. ‘अ‍ॅडव्हान्टेज’ हेच घ्या: किरकोळ बोनसांची यादी मोडीत काढून दोन फासे टाकायचे आणि मोठा धरायचा. 11 हवे असतील तर शक्यता 50 टक्क्यांवरून थेट 75 वर जाते.

मग 2023 च्या जानेवारीत नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना ओपन गेम लायसन्स रद्दबातल करायचा आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरवर उत्पन्न गेलं की वरच्या रकमेवर 25 टक्के रॉयल्टी, असा बेत होता. जगभर बोंब झाली. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा सांगाडा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली देऊन टाकला. तो आता परत घेता येणार नाही.

म्हणूनच 2024 ची नवी पुस्तकं ‘सहावी आवृत्ती’ म्हणून आली नाहीत. जुन्यांशी जुळतील असंच सांगितलं गेलं. जुळतात, पण कशी? आमच्या कोथरूडच्या टेबलावर एका क्लेरिककडे (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारं पात्र) 2014 चं पुस्तक आहे, दुसरीकडे 2024 चं. दोघी जखमा भरण्याचा एकच मंत्र, ‘क्युअर वूंड्स’, टाकतात. पहिली आठ बाजूंचा एक फासा उचलते, दुसरी दोन. ‘अगं, तुझा देव जास्त पावतो का?’ असं एकदा झालं आणि डीएमने सगळ्यांना दोन फासे देऊन विषय मिटवला. कागदी पुस्तकात निदान जुनं जुनंच राहतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये डी अँड डी बियाँड या कंपनीच्या ऑनलाइन सेवेवरच्या कॅरेक्टर शीटमधले (पात्राच्या नोंदींचं पान) जुने मंत्र परस्पर बदलण्याचं जाहीर झालं होतं. ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो बेत मागे घेतला गेला.

तेव्हा पुढच्या आवृत्तीकडून आमच्या मागण्या साध्या आहेत. विकत घेतलेल्याला हात लावू नका. आणि सांगाडा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली पहिल्याच दिवशी द्या. या वेळी खेळाडूंचं पुस्तक सप्टेंबर 2024 ला आलं आणि खुला सांगाडा एप्रिल 2025 ला. या खेळाचं अधिकृत मराठी पुस्तक नाही. आमच्याकडे गोष्ट मराठीत चालते आणि नियम इंग्रजीतून वाचले जातात. क्रिएटिव्ह कॉमन्समुळे श्रेय देऊन कोणालाही ते नियम मराठीत आणता येतात, छापताही येतात. कोथरूडमधल्या दोघांनी लढाईच्या प्रकरणापासून सुरुवात केली आहे.