खुंटी विमानालाच ठोकलेली

सांगलीहून हरिपूरच्या वाटेवर ऊस तुटून गेलेलं एक रान आहे. सकाळी साडेसहाला तिथं वारा पडलेला असतो आणि जमिनीवर पाचटाची वीतभर गादी असते. गेले दोन महिने माझा भाचा तिथं रिमोटचं विमान हवेत उभं करायला शिकतोय. उडवायला नव्हे, उभं करायला: नाक आभाळाकडे, शेपूट जमिनीकडे आणि विमान जागच्या जागी. या कसरतीला हॉवर म्हणतात. आतापर्यंत पाचटानं त्याला जितकी साथ दिली तितकी मी दिलेली नाही.

रानाचे मालक तात्या धारा काढून झाल्या की बांधावर येऊन बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी निकाल दिला होता, "पंखा वर हाय, वजन खाली हाय. कंदिलागत टांगलंय की ते. पडंल कशाला?"

तेवढ्यात ते पडलं.

तात्या चुकले, पण चांगल्या पंगतीत बसून चुकले. अमेरिकेच्या रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, तेव्हा त्याचं इंजिन वरच्या टोकाला होतं आणि टाक्या खाली. इंजिन वरून ओढेल, बाकीचं खाली लोंबेल, म्हणजे रॉकेट आपोआप सरळ राहील असा हिशेब. अडीच सेकंदांत ते बारा मीटरवर गेलं आणि कोबीच्या शेतात जाऊन पडलं. पुढं गोडार्डनीच इंजिन खाली नेलं.

गोम खुंटीत आहे. कंदिलाची खुंटी भिंतीत असते. कंदील कितीही कलला तरी ती सरळ वरच ओढते. विमानाची खुंटी मात्र विमानालाच ठोकलेली. विमान कललं की प्रॉपेलरही तेवढाच कलतो, त्याची ओढ पुन्हा विमानाच्या गुरुत्वमध्यातूनच जाते, आणि विमानाला सरळ करणारा जोर कुठूनच येत नाही. वजन खाली असल्याचा फायदा शून्य.

फायदा नाही तो नाही, वर तोटा. समजा नाक जरा उजवीकडे कललं. आता प्रॉपेलर थोडं उजवीकडेही ओढतो, म्हणून विमान तिकडं घसरायला लागतं. घसरताना उजवीकडून वारा लागतो, आणि शेपटाकडचे पत्रे मोठे असल्यानं तो शेपटालाच जास्त ढकलतो. शेपूट डावीकडे गेलं की नाक आणखी उजवीकडे. देवळावरचा वारा दाखवणारा कोंबडा जसा वाऱ्याकडं तोंड करतो, तसंच हे. सरळ उडताना हाच गुण विमानाला वाचवतो, उभं असताना तोच पाडतो. म्हणून हॉवर करणारे बॅटरी किंचित मागं सरकवून गुरुत्वमध्य मागं नेतात, म्हणजे कोंबड्याचा हट्ट जरा कमी होतो.

मग सावरायचं कशानं? आमच्या विमानाचं वजन बॅटरीसकट ६०० ग्रॅम आणि प्रॉपेलर १० इंची. एवढं वजन हवेत तोलायला प्रॉपेलरला हवा खाली फेकावी लागते, आणि हिशेब केला तर तो झोत ताशी ५० किलोमीटरच्या आसपास निघतो. विमान जागेवर उभं, पण त्याच्या शेपटाला मात्र धावत्या एसटीच्या खिडकीतलं वारं. त्या झोतात रडर आणि एलेव्हेटर, म्हणजे नाक डावं-उजवं आणि वर-खाली वळवणारे शेपटाचे हलते पत्रे, जिवंत राहतात. ते मुद्दाम मोठे केलेले असतात आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत वळतात. मोटरही ऐपतीपेक्षा दांडगी हवी, वजनाच्या निदान दीडपट ओढणारी. नुसती वजनाएवढी ओढ असली तर तोल गेल्यावर वर निसटायला काही उरत नाही.

भाच्याला मी रिमोट देण्याआधी दीड मीटरचा ऊस तळहातावर उभा धरायला लावला, आणि मग पेन्सिल. उसाचं जमलं, पेन्सिलीचं नाही. कारण साधं आहे. पेन्सिलीचा कल सेकंदाच्या साधारण नवव्या हिश्श्यात पावणेतीनपट होतो. उसाला तेवढ्यालाच एक तृतीयांश सेकंद लागतो. डोळ्यांनी बघून हात हलवायला आपल्याला पाव सेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो, म्हणजे पेन्सिल आपल्या आधी पोचते. विमान पडण्याची रीत उसाहून वेगळी असली तरी शर्यत तीच: मोठं मॉडेल सावकाश चुकतं, छोटं झटकन. खिशाचा हिशेब मात्र नेमका उलटा.

अंगठ्याची सवय लावणं सगळ्यात अवघड. नवशिका कल दिसेपर्यंत थांबतो, मग स्टिक, म्हणजे रिमोटवरची दांडी, ढकलतो आणि धरून ठेवतो. विमान सरळ होऊन पलीकडं जातं. टिचकी मारावी तशी स्टिक द्यायची आणि लगेच परत घ्यायची, विमान सरळ दिसत असतानाही. बाहेरून बघणाऱ्याला विमान स्थिर दिसतं. अंगठे मात्र तांदूळ निवडल्यासारखे सारखे चाललेले असतात.

त्यात बाजूंचा घोळ. विमानाची पाठ आपल्याकडं असताना डावा रडर दिला की नाक आपल्या डावीकडं जातं. पोट आपल्याकडं असलं की सगळं उलट. पण मला पोटच सोपं वाटतं. नाक ज्या बाजूला पडतंय त्याच बाजूला स्टिक द्यायची, ऊस तोलताना हात नेतो तसा. बऱ्याच जणांना हे पटत नाही. त्यांनी ऊस धरून बघावा.

बाजू आपण ठरवून टिकत नाही, हे खरं दुखणं. प्रॉपेलर मागून बघता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं विमानाचं धड उलट्या दिशेनं फिरू बघतं. एलेरॉन म्हणजे पंखांवरच्या हलत्या पट्ट्या; उजवा एलेरॉन देऊन ते अडवायचं. कमी पडलं तर विमान उभ्या उभ्या भोवऱ्यासारखं सावकाश फिरतं आणि दर अर्ध्या फेरीला रडरचं डावं-उजवं बदलतं. अमेरिकन नौदलासाठी बनवलेल्या, शेपटीवर उभं राहून उडणाऱ्या कॉन्व्हेअर पोगो विमानाला एकामागं एक, परस्परविरुद्ध फिरणारे दोन प्रॉपेलर होते, ते याचसाठी. १९५४ साली ते उभं उडालं, आडवं झालं आणि पुन्हा उभं उतरलंही, पण वैमानिकाला खांद्यावरून मागं बघत उतरवावं लागे. आम्ही निदान पाचटात उभे राहून बघतो.

हल्ली पाच-दहा ग्रॅमचा जायरो मिळतो. विमान वळायला लागताच तो स्वतःच रडर हलवतो, माणसाच्या कितीतरी आधी. पण साधा जायरो फक्त वळणं अडवतो; विमान कलून निवांत बांधाकडं घसरत चाललंय, हे त्याला कळत नाही. भाच्याच्या विमानातला मी काढून ठेवलाय. त्यावरून आमचं अजून बोलणं चालू आहे.

परवा नऊ सेकंद झाली. मग विमान फिरायला लागलं, शेपूट डुललं, आणि मी ओरडलो, "थ्रॉटल!" थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, वाढला की झोत वाढतो, रडरला बळ येतं आणि विमान वर निसटतं, घाबरल्यावर करायची एवढीच गोष्ट त्याला पाठ आहे. विमान सरळ वर गेलं. भाच्यानं वर बघतच विचारलं, "मामा, मगाशी पोट होतं का पाठ?"

मला सांगता येईना. बांधावरून तात्या म्हणाले, "पोट हुतं."