कृतज्ञता आणि स्वस्वीकार : तब्येत सुधारताना

कृतज्ञता आणि स्वस्वीकार ही तब्येत सुधारायला घेतलेल्या माणसाने खाणं, व्यायाम, झोप यांच्या जोडीला करायची मनाची सवय आहे. कृतज्ञता म्हणजे आपल्याला काय मिळालंय आणि कोणामुळे मिळालंय हे मुद्दाम थांबून लक्षात घेणं. स्वस्वीकार म्हणजे आज आपण जसे आहोत तसे, म्हणजे सुटलेलं पोट, वाढलेली शुगर, तीनदा सुरू करून तीनदा सोडलेली जिम, हे सगळं धरून स्वतःला माणूस म्हणून मान्य करणं. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात, आधी दहा किलो कमी करतो आणि मग स्वतःवर खूश होतो असं ठरवतात, आणि तिथेच गाडी अडते, कारण स्वतःचा राग राग करून चार दिवस उपाशी राहता येतं, पण चार वर्षं रोज संध्याकाळी चालायला जाता येत नाही.

गोव्यात याबद्दल जास्त बोलायला हवं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या मधुमेह सर्वेक्षणाचे आकडे 2023 साली आले, त्यात गोवा पहिल्या नंबरवर होता, 20 वर्षांवरच्या लोकांत 26.4 टक्के, आणि देशाची सरासरी होती 11.4 टक्के. म्हणजे प्रत्येक चार मोठ्या माणसांमागे एकाला मधुमेह. एवढं असूनही घरात रिपोर्ट आला की पहिली प्रतिक्रिया काय, तर "तरी सांगत होते तुला". मग शीत म्हणजे भात बंद, पोयी म्हणजे इथला पाव बंद, नारळ बंद, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नातेवाईकांच्या घरी गेल्यावर एक मावशी ताटात आग्रहाने पातोळी (हळदीच्या पानातला गोड पदार्थ) वाढते आणि दुसरी सगळ्यांसमोर विचारते, "तुका शुगर आसा न्हय?" माणूस हसून वेळ मारून नेतो, पण नंतर काय करतो ते बघा. तो लपून खातो, ग्लुकोमीटर कपाटात ठेवून देतो आणि पुढची तपासणी टाळतो. लाज वाटली की माणूस सुधारतो असं आपल्याकडे गृहीत धरलेलं असतं, पण लाजेने माणूस लपतो एवढंच खात्रीने सांगता येईल.

लाजेचं चक्र

डाएट करणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट फार जुनी आणि ओळखीची आहे. एक नेवरी (करंजी) खाल्ली, नियम मोडला, आता दिवस गेलाच तर मग उरलेला डबाही संपवू. 2007 साली अमेरिकेत अॅडम्स आणि लिअरी या संशोधकांनी यावर एक साधा प्रयोग केला. कॉलेजच्या मुलींना आधी डोनट खायला दिला, मग त्यातल्या काही जणींना एवढंच सांगितलं की असं गोड सगळेच कधी ना कधी खातात, त्यावरून स्वतःला दोष देत बसू नका. त्यानंतर सगळ्यांना चव बघायला म्हणून गोळ्या-चॉकलेटं दिली. ज्या मुली एरवी खाण्यावर कडक बंधनं घालायच्या त्यांच्यापैकी ज्यांनी ते मायेचं बोलणं ऐकलं होतं त्यांनी नंतर कमी खाल्लं, आणि ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांनी जास्त. लाड केले की माणूस सैल सुटतो ही आपली समजूत, इथे बरोबर उलट झालं.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची जी मांडणी केली त्यात तीन गोष्टी येतात, स्वतःशी दयेने वागणं, आपली चूक ही माणसाची चूक आहे हे ओळखणं (म्हणजे जगात मीच एक असा नालायक हे डोक्यातून काढणं), आणि जे वाटतंय ते दाबून न टाकता आणि त्यात वाहून न जाता बघणं. त्याआधी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स म्हणून गेलेच होते की मी जसा आहे तसा स्वतःला मान्य केलं की मगच माझ्यात बदल होऊ लागतो. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत हेच जरा रोखठोकपणे येतं, कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. "आज तीन पोयी खाल्ल्या, शुगरला ते बरं नाही" हे कृतीबद्दल झालं. "माझ्यात दमच नाही" हा सबंध माणसावर मारलेला शिक्का, आणि त्या शिक्क्यातून पुढे काय करायचं ते काहीच कळत नाही. कृतीला मार्क द्या, माणसाला नको, हेच माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे.

वही

कृतज्ञतेची वही हा सगळ्यात जास्त अभ्यासलेला प्रकार. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाने 10 आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल आभारी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आयुष्याबद्दल बरं वाटत होतं, दुखण्या-खुपण्याच्या तक्रारी कमी होत्या आणि ते व्यायामही जास्त करत होते. याच अभ्यासाच्या पुढच्या, दोन आठवड्यांच्या भागात मात्र व्यायामाचा फरक दिसला नाही, त्यामुळे वही लिहिली की वजन उतरतं असं कोणी सांगत असेल तर ते खरं मानू नये. आणि रोज लिहिलंच पाहिजे असंही नाही, सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांना आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झालेला दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो झाला नाही. रोजचं लिहिणं यांत्रिक होत असावं. मार्टिन सेलिग्मन यांच्या 2005 च्या अभ्यासातला दुसरा प्रकार म्हणजे आठवडाभर रोज रात्री त्या दिवशीच्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायचं, त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता.

पण काय लिहायचं यावर सगळं आहे. "कुटुंब, आरोग्य, देव" असं लिहून वही मिटली तर चार दिवसांत कंटाळा येतो. तपशील हवा. "शेजारच्या काकीने परसातली तांबडी भाजी (लाल माठ) आणून दिली, निवडून सुद्धा दिली, त्यामुळे आज भाजी झाली." "मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत पाय रुतत होते म्हणून फुटपाथवरून दोनापावलाच्या बाजूला गेलो, अर्ध्या वाटेत दम लागला, कठड्यावर बसलो, मग परत चालत आलो." "आज जिना चढताना गुडघा दुखला नाही." या तिसऱ्या नोंदीत शरीर दिसतं कसं याचा विषयच नाही, शरीर काय करतं याची दखल आहे, आणि स्वस्वीकार बहुतेकांना इथूनच जमतो. आरशासमोर उभं राहून मी सुंदर आहे असं म्हणणं पुष्कळांना खोटं वाटतं आणि जीभ अडखळते, पण या पायांनी मला आज म्हापशाचा अख्खा शुक्रवारचा बाजार फिरवून आणलं हे म्हणायला कोणाची हरकत नसते, कारण ते खरंच असतं.

घरातल्या जुन्या रीती

गोव्यात ही गोष्ट नव्याने शिकावी लागते असं नाही. चवथीला गणपतीच्या वर छताला माटोळी, म्हणजे एक लाकडी चौकट, बांधतात, त्यात सुपारीचे घोस, तोरिंगणां, रानातून शोधून आणलेली फळं, कांगलां, माट्टुळ्यो असं जे जे त्या पावसात आपल्या मातीत आलं ते सगळं टांगलेलं असतं. चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम, नवीन भाताची कणसं पुजून दाराला बांधतात. ख्रिस्ती लोकांत ऑगस्टात कोंसाचें फेस्त (कणसांचा सण) होतं, पाद्री शेतात जाऊन पहिली कणसं कापतो आणि ती आशीर्वाद देऊन घरोघर नेली जातात. दोन्हीकडे खाण्याआधी आभार. मराठी घरात जेवायला बसल्यावर "वदनी कवळ घेता" म्हणायची पद्धत होती, आता पोरं मोबाईलवर व्हिडिओ लावल्याशिवाय घास घेत नाहीत आणि मोठेही तसेच. श्लोक म्हणा, क्रॉसची खूण करा नाहीतर नुसतं ताटाकडे बघून "देव बरें करूं" (कोंकणीत आभार मानायचे शब्द) म्हणा, पहिल्या घासाआधी जी दहा सेकंदं मिळतात त्यात आपल्याला खरोखर किती भूक लागलीय ते कळतं. माझा यावर फार विश्वास आहे.

ताटात काय

स्वस्वीकाराची खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते, कारण आपलं जेवण म्हणजे आपणच असं गोंयकाराला वाटतं आणि त्यात काही चूक नाही. शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, शत्रू ठरवलं की माणूस स्वतःच्या घरात परका होतो. त्यापेक्षा ताट तेच ठेवून माप बदलायचं. निम्मं ताट भाजीचं, म्हणजे तांबडी भाजी, वाल, घोसाळीं, भेंडे जे मिळेल ते, पाव ताट बांगडा, तारली किंवा अळसांद्याचं (चवळीचं), नाहीतर चण्याचं तोणाक म्हणजे उसळ, आणि उरलेल्या पावात उकडं शीत. पदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोयी मागायची. रवा फ्राय रोज न करता हुमणातले तुकडे खायचे. सोलकढीवर कोणाची बंदी नाही, मीठ मात्र बघून. मिठाचं सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते तेव्हा आपल्याकडे खारें (खारवलेले मासे) आणि सुक्या सुंगटांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, किस्मूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) वाढतं, बीपी असलेल्यांनी तिथे हात आखडता घ्यावा.

अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना वजन 7 टक्के कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा एवढंच लक्ष्य दिलं होतं, आणि त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. 80 किलोच्या माणसाला 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो. जाहिरातीतल्या शरीराशी याचा काही संबंध नाही, ते शरीर आपल्याला कधीच नको होतं असं म्हटलं तरी चालेल.

पाऊस आणि खंड

गोव्यात दर जूनला सवयी मोडतात. जानेवारीत सुरू केलेलं चालणं मे महिन्याच्या उकाड्यात रडतखडत चालतं आणि पहिला आठवडाभराचा पाऊस लागला की बंद, मग चवथ, मग दिवाळी, मग नाताळ, आणि माणूस स्वतःला म्हणतो की माझं काही होणार नाही. इथे फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा लंडनमधला 2010 चा अभ्यास लक्षात ठेवावा. नवीन सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक 18 ते 254 दिवस असा निघाला, मधला आकडा 66, म्हणजे 21 दिवसांत सवय लागते ही गोष्ट विसरायला हवी. आणि मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चुकलेल्या दिवसाने नुकसान होत नाही, चुकल्यावर स्वतःला जे बोलतो त्याने होतं असं मला यातून वाटतं. पावसात देवळाच्या सभामंडपात फेऱ्या माराव्या, बल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) बाजूला जागेवर पाय हलवावे, जेवणानंतर दहा मिनिटं घरातल्या घरात फिरावं, जेवणानंतरची शुगर आटोक्यात ठेवायला तेवढ्यानेही मदत होते. एका फटक्यात चाळीस मिनिटं नाही जमली तर दहा-दहाची चार.

कुठे थांबायचं

समाधान मान हा उपदेश आपल्याकडे सगळ्यात जास्त बायकांना केला जातो, त्यामुळे इथे स्पष्ट लिहायला हवं. घरात मार खाणारीला, सगळ्यांचं करून स्वतः शिळं खाणारीला कृतज्ञतेची वही देणं हा अन्याय आहे. तिला मदत हवी, पैसे हवेत, स्वयंपाकघरातून तासभर सुटका हवी. तसंच ताजं दुःख, कोणी गेलेलं असणं, अशा वेळी चांगलं शोधायची सक्ती नको. स्वस्वीकार म्हणजे औषधं बंद करणंही नाही, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम जेवण तोडलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, बदल डॉक्टरांना विचारून करावा.

आणि कधीकधी सकाळी उठवतच नाही, कशातच मन लागत नाही, दोन आठवडे झाले तरी तसंच, तर तो आळस नसतो, नैराश्य असू शकतं. यावर गोव्यातच मोठं काम झालंय. 1996 पासून काम करणाऱ्या संगाथ संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं, आणि 6 ते 8 भेटींत रुग्णाला छोट्या छोट्या, मन लागेल अशा कामांकडे परत आणायची पद्धत 495 रुग्णांसोबत तपासली. निकाल 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा यात जास्त लोक बरे झाले. मन बरं होईपर्यंत थांबून मग कामाला लागायचं नाही, आज जमेल तेवढं एक काम करायचं आणि मन मागून येतं, ही त्या पद्धतीतली गोष्ट व्यायामालाही जशीच्या तशी लागू पडते. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास आणि फुकट आहे.

घरच्यांचं काम त्या मानाने सोपं आहे. एकट्यासाठी वेगळं पथ्याचं शिजवू नये, सगळ्यांनी तेच खावं. "आज गेला नाहीस?" विचारण्याऐवजी चप्पल घालून "चल, मी पण येते" म्हणावं. रिपोर्ट वाचताना आवाज चढवू नये. चारचौघांत वजनाचा विषय कोणी काढलाच तर तो तिथेच वळवावा.