सचित्र बालपत्त्यांचा संग्रह (सोलापूर)

मुलांसाठी छापलेले, एखाद्या विषयावरचे चित्रांचे जुने पत्ते जमवण्याचा, ओळखण्याचा आणि जपण्याचा छंद. बदाम-इस्पिकचा नेहमीचा ५२ पानांचा कॅट यात धरत नाहीत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफाही नाही. १२० गोल पानांचा तो हाताने रंगवलेला संच मोठ्यांच्या खेळाचा.

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध संच 'हॅपी फॅमिलीज'. लंडनच्या जॉन जॅक्स यांच्या कंपनीने तो १८५१ च्या सुमारास काढला. चित्रे जॉन टेनिएल यांची मानली जातात. तेरा धंदे, प्रत्येक धंद्याचे एक कुटुंब, कुटुंबात आई, वडील, मुलगा, मुलगी. समोरच्याकडे नाव घेऊन पान मागायचे आणि चौघांना एकत्र आणायचे. डोकी मोठी, अंगे लहान आणि हातात धंद्याचे अवजार, अशी ती चित्रे. सोलापूरकराला एक गोष्ट खटकते: या तेरांत रंगारी आहे, शिंपी आहे, विणकर मात्र नाही. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत लेखकांच्या नावांचा 'ऑथर्स' आला, १८६६ मध्ये जॅक्स यांचाच 'स्नॅप'. सारखे पान पडले की 'स्नॅप' असे ओरडून ढीग उचलायचा, ही 'स्नॅप'ची गंमत आपल्याकडच्या भिकार-सावकारातही आहे, फक्त तिथे आधी ओरडावे लागत नाही.

हे विलायती संच इथे क्वचितच हाती लागतात. सोलापुरात घराघरांतून निघतात ती १९९० च्या दशकातली ट्रम्प कार्डे: क्रिकेटपटू, विमाने, मोटारी आणि सर्वांवर कडी म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीचे पैलवान. वर फोटो, खाली क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड, लढती आणि विजय यांचे आकडे. एकाने आकडा पुकारायचा, मोठा असेल त्याने पान न्यायचे; क्रमांकात तेवढा लहान आकडा जिंकतो. योकोझुना ज्याच्या हाती तो 'वजन' सोडून दुसरे काही म्हणत नसे. त्यामुळे चांगल्या पैलवानांची पाने कोपऱ्यांवर मऊ होऊन फुगलेली आणि कुणाला नको असलेली पाने कोरी करकरीत, असा एकाच संचात फरक दिसतो. संग्राहक कोऱ्या पानांना जास्त मोल देतात. खेळाचा इतिहास मात्र फुगलेल्या पानांत आहे.

पत्त्यांवर छपाईचे साल सहसा नसते. ते डब्यावरून काढावे लागते. किंमत आण्यात असेल तर डबा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, किंवा नव्या नाण्यांची सवय होण्याआधीच्या काळातला. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ मधला. डब्यावरच्या कंपनीच्या ठिकाणात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. विलायती डब्यावर शिलिंग-पेन्स असतील तर तो बहुधा फेब्रुवारी १९७१ च्या आधीचा. दुकानदाराने चिकटवलेल्या किमतीच्या चिठ्ठीवर विसंबू नये, कारण माल वर्षानुवर्षे कपाटात पडून असतो.

छपाई तपासायला भिंग लागते आणि सोलापुरात ते शोधायला लांब जावे लागत नाही. कापडात इंचाला किती ताणे-बाणे आहेत हे मोजायला यंत्रमागवाले जे घडीचे छोटे भिंग वापरतात, त्याला 'पिक ग्लास' म्हणतात. ते उघडून पानावर ठेवावे. रंगाचे ठिपके रांगेत, जाळीसारखे दिसले तर छपाई हाफटोन पद्धतीची. ठिपके वेडेवाकडे, खडूने टोचल्यासारखे असतील तर जुनी शिळाछपाई असण्याची शक्यता मोठी. जुन्या चित्राची नवी नक्कल या जाळीमुळेच पकडली जाते.

संच सापडतात ते रद्दीवाल्याकडे, जुन्या वाड्यांतल्या आणि चाळींतल्या ट्रंकांत. कोरडी हवा कागदाला मानवते, बुरशी कमी धरते. पण कसर सोडत नाही आणि एप्रिल-मेचा उन्हाळा रबरबँडचा शत्रू आहे. रबर वितळून पहिल्या आणि शेवटच्या पानाला असे चिकटते की काढताना चित्राची साल निघते. जुन्या टॉवेलची सुती किनार फाडून बांधलेली बरी.

खरी अडचण हरवलेल्या पानाची. नेहमीच्या कॅटमधला एक गुलाम गेला तर घरात कुणी हळहळत नाही. उरलेल्या ५१ पानांवर गुलामचोर खेळतात. चित्रांच्या संचात ही सोय नाही. शिंप्याची मुलगी हरवली की ते कुटुंब कधीच पुरे होत नाही. म्हणून मुले लग्नपत्रिका कापून, शाईने नाव लिहून बदली पान करत. असे पान संचात ठेवावे की काढावे, यावर संग्राहकांत एकमत नाही. विक्रीला काढणारे ते फेकून देतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ते मुळीच काढू नये. सोलापुरी घरातल्या अशा पानाच्या एका बाजूला मराठीत 'शिंप्याची मुलगी' आणि पाठीवर तेलुगू किंवा कन्नडमध्ये अर्धवट कापलेला मुहूर्त निघू शकतो, आणि लंडनच्या कुठल्याही संचात तसले पान मिळणार नाही.